शेवट सुकन्याकडे आहे

मी एक रहस्यकथा आहे आणि माझा शेवट माझ्यापाशी नाही.

पुस्तकं फाटतात, त्यात नवल नाही. वाळवी खाते, पोरं विमानं करतात, भेळवाले पुड्या बांधतात. माझं तसं झालं नाही. माझी शेवटची पानं कुणीतरी शिवणीजवळ पट्टी धरून, एकही अक्षर न दुखवता फाडून घेतली आहेत. ती कुणी फाडली हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. का फाडली, ते समजायला मात्र मला उसाच्या फडापर्यंत जावं लागलं.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यातला. माझ्यातली गोष्ट निजामशाहीतल्या नगरची. शहराला तेव्हा डोंगराकडून जमिनीखालच्या नळांनी पाणी येई. ऐन उन्हाळ्यात एक दिवस पाणी येईनासं होतं. नळांची निगा राखणाऱ्या माणसावर फितुरीचा आळ येतो आणि त्याला कोठडीत टाकतात. त्याची मुलगी राही, जेमतेम तेरा वर्षांची, दिवा घेऊन त्या काळोख्या नळात उतरते आणि पाणी कुणी अडवलं याचा रांगत रांगत माग काढते. मुखपृष्ठावर तिचं चित्र आहे. चित्रकारानं डोळे वाटीएवढे काढलेत आणि नळात रांगूनही परकराला डाग नाही, पण ते असो. राही चिखलातले ठसे बघते, कुणाचं धोतर ओलं आहे ते बघते, बोलते कमी. मला तिचा फार अभिमान आहे.

शेवगाव तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मी आले ती पत्र्याच्या वाचनपेटीतून. पेटीला कुलूप, आणि किल्ली तेव्हाच्या गुरुजींच्या खिशात. पुस्तकं वाचली की खराब होतात, असं त्यांचं मत होतं. साहेब तपासणीला आले की आम्हाला टेबलावर मांडायचं, साहेबांची पाठ वळली की पुन्हा आत. माझ्या पाठीवर पालीनं अंडी घातली, तेवढीच काय ती सोबत.

मग बदली होऊन सविता मॅडम आल्या. किल्ली सापडेना म्हणून त्यांनी कुलूप दगडानं तोडलं आणि म्हणाल्या, "ज्याला जे पाहिजे ते घ्या." मुलं तुटून पडली. मला दोन मुलींनी दोन बाजूंनी धरलं आणि कुणीच सोडेना. एक सुकन्या, दुसरी कैनात.

सुकन्या रामहरीची मुलगी. रामहरी आणि त्याची बायको दसरा झाला की ऊस तोडायला प्रवरेच्या काठाकडं जात, ते उन्हाळ्यात परत येत. तोवर सुकन्या आजीजवळ, छबूबाईजवळ राहायची. ही पोर वाचायची ती उभी राहून, हातवारे करून. कैनात बाबाजान बांगडीवाल्याची. शाळा सुटली की दुकानात बसायची. ती कुणाकडे बघायची तर आधी मनगटाकडे, मग तोंडाकडे. बोलणं मोजकं. दोघी सातवीत होत्या.

भांडण मिटलं ते असं. रोज शाळा सुटल्यावर चिंचेखाली बसून एक प्रकरण वाचायचं. सुकन्यानं वाचायचं, कैनातनं मला धरायचं. एक रात्र मी हिच्या घरी, दुसरी तिच्या घरी.

"पन एकटीनं फुडं वाचायचं न्हाई," सुकन्या म्हणाली. "शप्पथ?"

"शप्पथ."

आणि ती शपथ त्यांनी पाळली. मी शेवटासकट त्यांच्या उशाशी असायचे, हात लांबवला की राहीचं काय झालं ते कळलं असतं. पण नाही म्हणजे नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना मी शेवटचं पान आधी उघडताना पाहिलंय, म्हणून मला या पोरींचं कौतुक वाटायचं.

वाचून झालेला भाग मात्र पुन्हा वाचायला बंदी नव्हती. संध्याकाळी चुलीपुढे सुकन्या तो आजीला वाचून दाखवायची. छबूबाईंना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण कान तिखट होते.

"लई धीराची पोर हाय बया," भाकरी थापता थापता त्या म्हणायच्या. "बापासाठी अंधारात उतरली."

पुस्तकातली मुलगी नळात उतरली की माणसं डोळे पुसतात. घरातली मुलगी नुसती बांधापलीकडे गेली तर तिला हाका मारमारून घसा कोरडा करतात. हे घरोघरी चालतं, छबूबाईंवरच ठपका ठेवत नाही.

दसरा जवळ आला. रामहरीनं कोयत्यांना धार लावली, कोपीसाठी, म्हणजे तिथल्या झोपडीसाठी, ताडपत्री काढली. एके दुपारी तो आईजवळ येऊन बसला. सुकन्या पाण्याला गेली होती. मी कोनाड्यात होते.

"आये, तुला आता दिसंना झालंय. पोर शानी झाली. आमी सा महिनं तिकडं. कुनाच्या भरवशावर ठिवू हिला?"

"मी हाय की."

"तुज्या उशाला कोन येऊन गेलं तरी तुला कळायचं न्हाई."

मग रामहरीनं गोरक्षचं नाव काढलं. लांबच्या गावचा पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटा असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभा करत नाही. गोरक्षला त्यानं सांगितलं होतं, जोडी करून ये.

"पोरगा कसा हाय?" छबूबाईंनी विचारलं.

"दारू पीत न्हाई."

तेवढ्यावर ठरलं. रामहरी मान खाली घालून जमिनीवर काडीनं रेघोट्या मारत बसला होता. तो काही दुष्ट माणूस नाही. दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

मी सगळं ऐकलं, पण पुस्तकाला छापलेलंच बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी कैनातकडे होती. मी दुकानात बांगड्यांच्या खोक्यांवर पडले होते. काठी टेकत छबूबाई आल्या.

"बाबाजान, हिरवा चुडा दे. दोनच्या मापाचा."

"कुनासाठी, मावशी?"

"पाव्हन्यांची पोर हाय."

"मग पोरीलाच आना की. हातात भरून देतो. चुडा कागदात बांधून नेतं का कुनी?"

"लांब हाय पोर. तू बांध."

बाबाजाननं बांधून दिला. त्या गेल्यावर कैनात उठून बापासमोर उभी राहिली. बायकांचं माप अडीचचं, दोनचं माप पोरीबाळींचं, हे तिला चालता येण्याआधीपासून माहीत होतं.

"अब्बा, त्यांच्या पाव्हन्यांत दोनचा हात कुनाचा हाय? नागपंचमीला सुकन्याच्या बांगड्या तुमीच भरल्या. दोनच्याच हुत्या."

"मला काय कळत न्हाई व्हय?" बाबाजान खोकी लावत राहिला. "मी न्हाई दिल्या तर शेवगावच्या बाजारात देतील."

राही असती तर तिनंही असाच माग काढला असता, असं मला त्या क्षणी वाटलं. कैनात मला दप्तरात टाकून तडक सविता मॅडमकडे गेली. मॅडमनी ऐकून घेतलं, कुठं तरी फोन लावला. लहान मुलांसाठीचा सरकारी नंबर होता. पलीकडून तारीख विचारली.

"कधी आहे लग्न?" मॅडमनी कैनातला विचारलं.

कैनातनं विचार केला, आणि तिची चूक झाली ती इथे. ती बांगडीवाल्याची मुलगी. तिच्या हिशेबात लग्न म्हणजे आधी मांडव, मग चुडा भरायला तिच्या बापाला बोलावणं, मग हळद. चुडा भरल्याशिवाय लग्न तिनं पाहिलंच नव्हतं.

"अजून येळ हाय, मॅडम. मांडव पडला न्हाई. चुडा भरायला अब्बांना बोलावनं आलं की मी लगेच सांगते."

मॅडम तरी रामहरीच्या घरी जाऊन आल्या. रामहरी म्हणाला, "कशाचं लगीन, मॅडम? दारात मांडव दिसतो का?" दारात मांडव नव्हता. सोमवारी माणसं घेऊन येऊ, असं फोनवाल्यांनी सांगितलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर चिंचेखाली कैनातनं सुकन्याला सगळं सांगितलं. सुकन्या आधी हसली. मग बराच वेळ तिनं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

"मला कुनी काय बोललं न्हाई," ती म्हणाली. "चल, वाचू."

त्या दिवशी राही नळात फार आत गेली होती. तेल संपत आलं होतं. सुकन्या नेहमीसारखी उभी राहिली नाही, बसूनच वाचत होती. 'दिवा विझला. राहीने अंधारात हात पुढे केला, आणि तिच्या बोटांना' इथे पान संपलं. सुकन्यानं मला मिटलं.

"अगं, मधीच?" कैनात म्हणाली.

"आज एवढंच. सोमवारी फुडचं."

घरी गेल्यावर तिनं सरळ विचारलं, "आज्जे, माजं लगीन हाय का?" छबूबाईंचा हात परातीत थांबला. सुकन्या दारात उभ्या बापाकडे वळली. "मी जानार न्हाई. मला शाळेत जायचंय."

"मग तू ऱ्हा, आमी जातो," रामहरी हळूच म्हणाला. "तुला राखील कोन, त्येवढं सांग."

सुकन्यानं आजीकडे पाहिलं. मग घरभर पाहिलं. मी कोनाड्यात होते, माझ्याकडेही पाहिलं.

रविवारी सकाळी देवळापाशी ट्रक उभा राहिला. त्यातच गोरक्ष, त्याची आई आणि मुकादम आले होते. मांडव नाही, हळद नाही. असल्या लग्नाला आमच्याकडे गेटकेन म्हणतात. बिऱ्हाडं ट्रकमध्ये चढवता चढवता दोन हार घालायचे आणि निघायचं. छबूबाईंनी घरातच चाचपडत नातीच्या हातात चुडा भरला. एक बांगडी फुटली, तेव्हा त्या रडल्या.

"शाळंचं पुस्तक देऊन येते," सुकन्या म्हणाली.

घराच्या मागच्या बाजूला तिनं मला मांडीवर घेतलं, दप्तरातली पट्टी काढली आणि जिथे थांबली होती तिथून पुढची सगळी पानं फाडली. मला दुखलं. त्याहून जास्त राग आला. मला वाटलं, ही आता एकटीच पुढे वाचणार, शपथ मोडली. बाबाजानच्या दुकानाचं दार बंद होतं. तिनं मला फटीतून आत सरकवलं आणि पळाली.

कैनातनं मला उचललं, उघडलं, आणि फाटलेली कड बघितली. सुकन्याला आत्ताच नेतायत, हे तिला राहीसारखं एका क्षणात कळलं. ती अनवाणी देवळाकडे धावली, मला छातीशी धरून. ट्रक गेला होता. मंगलाष्टकं मोबाईलवर लावली होती, असं कुणीतरी हसत सांगितलं. अंगणात पडलेल्या अक्षता कोंबड्या टिपत होत्या.

सोमवारी माणसं आली. घरात एकट्या छबूबाई होत्या.

थंडी पडली की बाबाजान दरवर्षी टेम्पोत माल भरून ऊसतोड्यांच्या तळांवर फिरतो. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत कैनातनं हट्ट धरला आणि त्याच्यासोबत निघाली. मी तिच्या पिशवीत. देवळाली प्रवराच्या पुढे एका कारखान्याच्या हद्दीत कोप्यांची रांग होती. उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची छपरं, दारात चुली, सगळीकडे गोड-आंबट वास. बाबाजाननं "बांगडीवाला" अशी हाळी दिली. बायका आल्या. सगळ्यांच्या मागे, कुणाची तरी मोठी साडी खोचलेली सुकन्या आली. तिचे आई-बाप दुसऱ्या तळावर होते.

तिचे हात उसाच्या पात्यांनी कापलेले होते. हिरवा चुडा फडात पहिल्याच दिवशी फुटला होता. बाबाजाननं मान वर न करता प्लास्टिकच्या बांगड्या काढल्या, तिच्या हातात चढवल्या आणि म्हणाला, "पैसे ऱ्हाऊ दे, पोरी."

कैनात तिला कोपीत घेऊन गेली. इतक्या दिवसांनी भेटली, पण पहिला प्रश्न तोच.

"पानं कुठायत?"

सुकन्यानं छपराच्या पाचटात हात घातला. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ती ठेवली होती. एकाही पानाला डाग नव्हता. ती माझ्या शेजारी ठेवली गेली तेव्हा त्यांना धुराचा वास येत होता. माझीच पानं, मला ओळखू येईनात.

"वाचलीस?"

"न्हाई."

"एवढ्या दिसांत?"

"शप्पथ हुती ना."

"मग न्हेली कशाला?"

सुकन्या नव्या बांगड्या फिरवत राहिली. "न्हेली नसती तर तू वाचून मोकळी झाली असतीस. शेवट माज्याकडं ऱ्हायला तर तू हुडकत येशील, असं वाटलं."

कैनात रडली नाही. तिनं मला धरलं, आणि सुकन्या कोपीच्या छपराला डोकं लागेल एवढी उभी राहून वाचू लागली. 'ओली वीट लागली. नळात भिंत बांधलेली होती, आणि ती नवी होती.' तिचा आवाज खरखरीत झाला होता, पण हात तसाच पुढे झाला. एक पान झालं. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. दारात गोरक्ष येऊन उभा राहिला. मिसरूड फुटलेला, दमलेला पोरगा.

"चल गं, गाडी भरायची हाय."

सुकन्यानं पानं पुन्हा पिशवीत गुंडाळली. कैनातनं ती मागितली नाही. पानं मिळाली तर परत यायला कारण उरलं नसतं, हे दोघींना कळत होतं.

"फुडचं पान तू परत आल्यावर," सुकन्या म्हणाली आणि फडाकडे गेली.

कैनातनं परतल्याबरोबर मॅडमना ठिकाण सांगितलं. या वेळी मॅडम थांबल्या नाहीत, माणसं सोबत घेऊनच दुसऱ्या दिवशी तिथे पोचल्या. पण मुकादमाच्या कानावर गोष्ट आधी गेली होती. कोप्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. चुलीचा काळा डाग आणि थोडं पाचट. कुणी म्हणालं सोलापूरकडे नेलं, कुणी म्हणालं कर्नाटकात.

उन्हाळ्यात रामहरी आणि त्याची बायको परतली. "सासरी हाय. बरी हाय," एवढंच तो सांगतो. गाव सांगत नाही. "तुमी गोरक्षला आत टाकाल, मग तिनं कुठं जायचं?" म्हणतो.

छबूबाई आता अंथरुणाला खिळल्या आहेत. एकदा त्यांनी कैनातला हाक मारून जवळ बसवलं.

"त्या नळातल्या पोरीचं फुडं काय झालं गं?"

"फुडचं सुकन्याकडं हाय, आज्जी."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

सविता मॅडमनी नगरच्या पुस्तक प्रदर्शनातून माझी नवी, धडधाकट प्रत आणली. तिच्यात शेवट आहे. कैनातनं ती दोन्ही हातांनी मॅडमना परत दिली आणि म्हणाली, "दुसऱ्या कुनाला द्या." वर्गातली पोरं शेवट सांगू लागली की ती कानावर हात ठेवते. ती हट्टी आहे. मीही तिच्या संगतीनं हट्टी झाले आहे.

आता दुसरा हंगाम चालू आहे. माझी पाठ सुटली आहे, राहीच्या वाटीएवढ्या डोळ्यांपैकी एक झिजून गेला आहे. सुट्टी असली की कैनात बापासोबत टेम्पोत बसते आणि मी तिच्या पिशवीत. तळावर गेल्यावर ती सुकन्याचं नाव घेत नाही. नाव घेतलं की बायका सावध होतात, मुकादम येऊन उभा राहतो. ती फक्त बांगड्या मांडते आणि विचारते, "दोनच्या मापाचा हात हाय का कुनाचा?"

हात निघतात. प्रत्येक तळावर निघतात. कापलेले, काळवंडलेले, डोक्यावरचा पदर सावरत पुढे केलेले. कैनात एकेकीचं मनगट धरते, बांगड्या भरते, मग वर तोंडाकडे बघते आणि पुढच्या कोपीकडे जाते. इतक्या दोनच्या हातांमध्ये सुकन्याचा हात अजून मिळालेला नाही.

तुम्ही कधी उसाच्या फडावरून गेलात, आणि कुठल्या कोपीच्या छपरात धुराचा वास लागलेली पानं दिसली, तर ती तिथेच राहू द्या. वाचूही नका. ज्या मुलीची ती आहेत, तिला फक्त एवढं सांगा की कैनातनं पुढचं वाचलेलं नाही.